गोविंद स्वरूप
गोविंद स्वरूप (२३ मार्च, १९२९ - ७ सप्टेंबर, २०२०) हे भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होते. अनेक अँटेना जोडून उभारलेल्या दुर्बिणीतील संकेतांच्या मापनाची पद्धत हे त्यांचे महत्त्वाचे तांत्रिक योगदान होय.

अशा दुर्बिणीत प्रत्येक अँटेनाने टिपलेले तरंग केबलमधून ग्राही यंत्राकडे आणून एकत्र केले जातात. केबलमधील प्रवासात तरंगांची कला, म्हणजे दोलनातील त्यांची स्थिती, कमीजास्त बदलली तर तरंग एकमेकांना क्षीण करतात व स्रोताचे चित्र बिघडते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील कामावर आधारित उपाय स्वरूप व के.एस. यांग यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यात ग्राही यंत्राकडून अँटेनाकडे संकेत पाठवला जातो. तेथील परावर्तक आपले परावर्तन ठरावीक लयीत बदलतो. त्यामुळे परतलेला संकेत इतर परावर्तनांतून वेगळा ओळखता येतो. जाण्यायेण्यात झालेला कलाबदल मोजून केबल जुळवता येतात.

१९६३ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९६५ साली कल्याण येथे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची सौर दुर्बीण त्यांच्या नेतृत्वाखाली कार्यान्वित झाली. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीणही त्यांच्याच संकल्पनेतून उभी राहिली.