स्पीड उतरवला म्हणून रॅम सुधारत नाही

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने एकाच कॉम्प्युटरवर तीनदा विंडोज टाकलं. ब्लू स्क्रीन येतच राहिली. रॅम तपासलीस का, असं विचारलं तर म्हणाला, "मामा, ३२००ची रॅम २६६६वर चालवतोय. तिला काय धाड भरलीय?" दुकानदारानेही त्याला हेच सांगितलं होतं. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले.

गाडी हळू चालवली की अपघात टळतो, तसाच हा हिशेब. पण पाकिटावरचा ३२०० हा आकडा एकटा नसतो. १६-१८-१८ अशी टायमिंग आणि १.३५ व्होल्ट त्याच्या जोडीला असतात, आणि हे सगळं मिळून एक्सएमपी प्रोफाइल बनतं. भाच्याने बायॉसमध्ये स्पीड २६६६ केला, टायमिंग १६च ठेवली आणि व्होल्टेज डीडीआर४च्या जेडेक प्रमाणानुसार १.२ केलं. आता गुणाकार करा. २६६६ला १६ ठोके म्हणजे १२ नॅनोसेकंद. साध्या २६६६च्या रॅमला बहुधा १९ असतात, म्हणजे सव्वाचौदा. व्होल्टेज तेच १.२, पण काम मात्र सव्वादोन नॅनोसेकंद आधी हवं. याला आराम कोण म्हणेल?

हे आकडे जागच्या जागी असले तरी स्टिकच खराब असू शकते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा कपॅसिटर, आणि तो गळतोच. म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते. एखादा बिट त्याआधीच रिकामा होत असेल तर स्पीड उतरवून काय साधणार? हंडा गळका असेल तर नळाची धार बारीक करून गळती थांबत नाही. शंका असेल तर टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गूगलच्या दोघांबरोबर २००९मध्ये केलेला अभ्यास पाहा. गूगलच्या सर्व्हरांमधल्या ८ टक्क्यांहून जास्त मोड्यूलांत वर्षभरात चुका सापडल्या, आणि त्यांत उडत्या चुकांपेक्षा कायमच्या बिघाडांचा वाटा मोठा होता. सर्व्हरवर कुणी ओव्हरक्लॉकिंग करत बसत नाही.

शिवाय 'कमी स्पीड' कुणाच्या मानाने? रॅमचा स्पीड पेलावा लागतो मेमरी कंट्रोलरला, आणि तो प्रोसेसरमध्ये असतो. एएमडीने तो २००३मध्ये तिथे नेला, इंटेलने डेस्कटॉपवर २००८मध्ये. रायझन ७०००ला एएमडी दोन स्टिकवर ५२००ची हमी देते, चार स्टिकवर फक्त ३६००ची. म्हणजे ६०००च्या चार स्टिक ४८००वर 'हळू' चालवणारा माणूस हमीच्या बाराशे पुढेच पळत असतो.

तेव्हा बायॉस डिफॉल्टवर आणा. एकच स्टिक, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये (बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या), आणि रात्रभर मेमटेस्ट. एक चूकही फार झाली. 'एकच तर आली' हे ऐकवू नका. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक, नंतर स्लॉट बदलून. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक वॉरंटीत द्या. स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड, प्रोसेसर, सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा नको तितका आवळलेला कूलर बघा. सुट्या चालतात आणि एकत्र रुसतात, तर त्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असण्याची शक्यता दाट. कारखान्यात त्यांची जोडी कधी तपासलीच गेलेली नसते.

बाकीचे गैरसमज झटपट. टास्क मॅनेजरमध्ये २४०० दिसलं म्हणजे दुकानदाराने फसवलंच असं नाही, एक्सएमपी बंद असेल. ३२००च्या रॅमला सीपीयू-झेड १६०० दाखवतं ते बरोबरच आहे. डीडीआर एका ठोक्याला दोनदा डेटा नेते. विंडोज नव्याने टाकणं तर उलटं अंगाशी येतं, कारण नव्या फायलीही त्याच नासक्या रॅममधून डिस्कवर जातात. आणि खोडरबर? दमट हवेत काळवंडलेले संपर्क त्याने कधीकधी उजळतात खरे, पण सोन्याचा मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं.

भाच्याची दुसरी स्टिक डिफॉल्टवर, एकटी, अकराव्या मिनिटाला पडली. पहिली रात्रभर निर्मळ.