शिक्षा जाहीर करून देवानं ती मागे का घेतली? योनाच्या गोष्टीत माशाच्या पुढे काय होतं?

बायबलमधला योना म्हटलं की त्याला गिळणारा मासाच आठवतो. पण जुन्या करारातल्या चार अध्यायांच्या या पुस्तकात माशाचा उल्लेख जेमतेम तीन वचनांत आहे. खरा पेच वेगळाच आहे. देवानं शिक्षा जाहीर केल्यावर दयेला जागा उरते का? आणि ती दया शत्रूच्या वाट्याला आली तर?

देव योनाला निनवे शहरात जायला सांगतो. तो उलट दिशेचं जहाज पकडतो. का, हे समजायला निनवे काय होतं ते बघावं लागेल. आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचं हे शहर पुढे अश्शूर साम्राज्याची राजधानी झालं. याच साम्राज्यानं इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. इ.स.पू. 701 मध्ये लाखीश जिंकल्यावर राजा सन्हेरीबनं निनवेतल्या महालाच्या भिंतींवर त्या विजयाची शिल्पं कोरून घेतली. खांबांवर खोचलेले कैदीही त्यात दिसतात. ती शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. योनाचं पुस्तक यानंतर लिहिलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ते वाचणाऱ्यांच्या जखमा ओल्याच होत्या.

शेवटी योना निनवेला पोहोचतो आणि चाळीस दिवसांत शहराचा नाश होणार, एवढंच सांगतो. मूळ हिब्रूत ही घोषणा फक्त पाच शब्दांची आहे. त्यातल्या क्रियापदाचे अर्थ मात्र दोन निघतात: शहर उलथून पडेल किंवा शहर पालटेल. आणि शहर पालटतं! राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गुराढोरांनाही उपास घडतो. देव शिक्षा मागे घेतो.

मग देवाचा शब्द खोटा ठरला का? ख्रिस्ती शिकवण म्हणते, नाही. यिर्मयाच्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात हा नियमच दिलाय: एखाद्या राष्ट्रानं वाईट मार्ग सोडला, तर ठरलेलं अरिष्ट टळू शकतं. इशारा द्यायचा तो माणसानं वळावं म्हणून.

पण ही दया म्हणजे कायमची सूट नाही. बायबलमध्येच पुढे नहूमाचं पुस्तक आहे, त्यात निनवेच्या नाशाचं भाकीत आहे. इ.स.पू. 612 मध्ये हे शहर खरंच पडलं.

योना मात्र चिडतो. देव दयाळू आहे हे माहीत होतं, म्हणूनच तर पळालो, असं तो देवाला तोंडावर सांगतो. त्याचा राग अगदीच गैर म्हणता येत नाही. छळणाऱ्याला माफी मिळाली, तर ज्यांनी सोसलं त्यांचं काय? पुस्तक याचं थेट उत्तर देत नाही. सावली देणारा वेल सुकला म्हणून हळहळणाऱ्या योनाला देव उलट विचारतो: या शहरात एक लाख वीस हजारांहून जास्त अजाण माणसं आहेत, शिवाय कितीतरी जनावरं, त्यांची मला कीव येऊ नये का?

पुस्तक या प्रश्नावरच संपतं. योना काय म्हणाला, ते लिहिलेलं नाही.