ओसरी आणि धर्मशाळा : एका रात्रीच्या मुक्कामाचा विचार

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला पार्किंगचा विषय कसा, असं तुम्हाला वाटेल. पण आपलं मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. रात्री कुणाला कुठे थांबू द्यायचं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. म्हणून आज त्याचाच नीट विचार करू.

सुरुवात थोडी लांबून, अमेरिकेतून करतो. तिथे मोटारघर नावाचा प्रकार आहे. गाडीतच पलंग, शेगडी, संडास. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांनी फोटो पाठवले असतील. दिवसभर गाडी चालवल्यावर रात्री ती लावायची कुठे? त्याला तिथे दोन उत्तरं आहेत, आणि योगायोग असा की दोन्ही एकाच वर्षी जन्माला आली.

१९६२ साली सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सा राज्यात रॉजर्स या गावी वॉलमार्टचं पहिलं दुकान उघडलं. त्याच वर्षी मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी डेव्ह ड्रम यांनी प्रवाशांसाठी एक तळ सुरू केला. सिएटलचं जागतिक प्रदर्शन बघायला त्या रस्त्याने माणसं जात होती, त्यांना राहायला जागा हवी होती. त्या तळातून पुढे ‘केओए’ ही कॅम्पग्राउंडची मोठी साखळी उभी राहिली.

कॅम्पग्राउंडमध्ये पैसे भरायचे. मग वीज, पाणी, अंघोळीची सोय आणि सांडपाणी सोडायची जागा मिळते. खुर्च्या मांडा, चूल पेटवा, चार दिवस राहा. वॉलमार्टच्या आवारात यातलं काही नाही. पैसे नाहीत आणि सोयही नाही. दुकानाच्या मॅनेजरला विचारायचं, तो हो म्हणाला आणि त्या गावचा नियम आड येत नसेल, तर कडेला गाडी लावून झोपायचं. अनुभवी प्रवाशांनी याचे संकेत ठरवलेले आहेत. एकच रात्र थांबायचं. खुर्च्या बाहेर काढायच्या नाहीत. दुकानातून थोडंफार विकत घ्यायचं. सकाळी निघताना जागा होती त्याहून स्वच्छ ठेवायची.

आता हे आपल्या शब्दांत सांगतो. पहिली जागा म्हणजे धर्मशाळा, दुसरी म्हणजे ओसरी. धर्मशाळा मुक्कामासाठीच बांधलेली असते. ओसरी घरधन्याची असते आणि वेगळ्याच कामासाठी असते. वाटसरूने विचारलं, तर तो ‘टेका पाठ’ म्हणतो. बरेच जण समजतात की ओसरी म्हणजे फुकटची, कमी सोयीची धर्मशाळा. तसं नाही. दोन्हींत माणसांचं नातंच निराळं आहे. धर्मशाळेत तुमचा हक्क असतो, ओसरीवर परवानगी असते. हक्क मागता येतो, न मिळाल्यास भांडता येतं. परवानगी मात्र जपावी लागते.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. तिच्यातला विचार मात्र पक्का आहे. ओसरीची सोय पाहुण्याच्या वागण्यावर टिकते. एकाने पाय पसरले की त्याच्यामागून येणाऱ्या दहा जणांना दार बंद होतं. अमेरिकेतही तेच झालं. काही जण एका रात्रीसाठी आले आणि महिनाभर राहिले, कचरा टाकला. मग बऱ्याच ठिकाणी ‘रात्री गाडी लावू नये’ अशा पाट्या लागल्या.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली चिरंतन शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्याने याच भेदावर बोट ठेवलंय. तो म्हणतो, परक्या माणसाला पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. पण भेटीला येण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो शांतपणे वागतो तोवर त्याला शत्रू मानायचं नाही. त्याला परत पाठवता येतं, पण त्याच्या जिवावर बेतणार नसेल तरच. आणि हे का? तर पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत लांब पांगू शकत नाहीत, शेवटी एकमेकांना सोसून घ्यावंच लागतं. बघा, हा ओसरीचाच नियम आहे! कांट मात्र तो दया म्हणून सांगत नाही, हक्क म्हणून सांगतो.

आपल्याकडे या दोन्ही परंपरा आहेत. आपल्या शेजारच्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. इंग्रजांच्या काळात, १८६७ साली, सराई कायदा आला. सराई चालवणाऱ्याने नोंद करायची, जागा स्वच्छ ठेवायची, पाण्याची सोय करायची. म्हणजे धर्मशाळेच्या वळणाची जबाबदारी कायद्यात लिहिली गेली.

आणि ओसरी? मेंढपाळ धनगरांचा वाडा शेतात उतरतो, ते आठवा. शेतकरी स्वतःहून मेंढ्या बसवायला बोलावतो, कारण रानाला लेंडीखत मिळतं. वर धान्य किंवा पैसेही देतो. म्हणजे इथे पाहुणाच काहीतरी देऊन जातो. वॉलमार्टच्या मॅनेजरचाही हिशोब फार निराळा नाही. थांबलेला माणूस सकाळी दूध-पाव घेणारच. ओसरी निव्वळ दानावर चालत नाही. दोघांच्या सोयीवर चालते.

पण मंडळी, ओसरीला एक मोठा दोष आहे. परवानगी देणारा आधी माणूस बघतो. चकचकीत कॅराव्हॅन आली की गावातली पोरं कौतुकाने गोळा होतात. पाल टाकणारं पारधी कुटुंब आलं की ‘कधी जाणार?’ हा प्रश्न पहिला. दोघांचंही बिऱ्हाड पाठीवरच असतं ना! १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो देशभर लागू झाला, आणि भटकणाऱ्या कितीतरी जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला. नजरेतला शिक्का अजून पुसलेला नाही. म्हणून फक्त ओसरीच्या चांगुलपणावर विसंबून चालत नाही. धर्मशाळेचं मोल इथे कळतं. नियमाने चाललेल्या धर्मशाळेत तोंड बघून जागा देता येत नाही.

दुसरी गोष्ट ट्रकवाल्यांची. ड्रायव्हर ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी लावून केबिनमध्येच झोपतो. ही पण ओसरीच. जेवण घेतलं, डिझेल भरलं, तर थांबू देतात. जागा भरलेली असली की तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, आणि अंधारात उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळते. आपल्या रस्त्यावरच्या माणसांना हे सांगायला नको. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने म्हटलं होतं की कामगाराला जिथे रात्री थांबावं लागतं तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यायची. आपल्या रस्त्यावर अशा किती खोल्या दिसतात, ते तुम्हीच आठवून बघा. आता तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने झोपायची, अंघोळीची सोय सुरू केली आहे. दिशा बरोबर आहे.

यातून मला एक साधा नियम सुचतो. गरज क्वचितची असेल, तर ओसरी पुरते. गरज रोजची किंवा दर वर्षीची झाली, की धर्मशाळा बांधायलाच हवी. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून पंढरीला जाते, मिरजगाव तिच्या वाटेवर आहे. वारकरी शाळेत, देवळात, लोकांच्या ओसरीवर झोपतात. हे गावाचं वैभव आहे, ते राहावं. पण हजारो माणसं दर वर्षी ठरल्या तिथीला येणार हे माहीत असताना बायांच्या संडासाची, पाण्याची सोय कुणाच्या चांगुलपणावर सोडणं बरोबर नाही.

(श्रोत्यांमधून आलेली चिठ्ठी वाचून) प्रश्न असा आहे : ‘सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. मग गावात कॅराव्हॅन पार्क काढावा, की पंपावर थांबू देणं पुरे?’

चांगला प्रश्न. २०२१ सालच्या त्या धोरणात पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. माझं मत असं : वर्षाला चार गाड्या येणार असतील, तर पंपवाल्याने थांबू द्यावं आणि पाहुण्याने पाय पसरू नयेत. पार्क काढायचाच असेल, तर त्याच्या नळावर आणि संडासावर ट्रक ड्रायव्हरला, पाल टाकणाऱ्या बाईला तेवढ्याच दरात जाता आलं पाहिजे. तेवढं झालं, तरच मी त्याला धर्मशाळा म्हणेन. नाहीतर ते नुसतं पार्किंग.

वेळ संपली आहे, थांबतो. पुढचा प्रश्न कुणाचा असेल तर खाली उतरल्यावर बोलू.