तबकड्या फोडल्या, गाणी राहिली

आज रुमानिया देशाच्या लाडक्या गायिकेची, मारिया तनासेची गोष्ट ऐकू या. तिचा जन्म १९१३ सालचा, वडील बुखारेस्ट शहरात फुलबाग करणारे माळी. खेड्यापाड्यांतल्या बायकांची गाणी तिने शिकून घेतली आणि १९३८ साली रेडिओवर गायली. मग हॉटेलं, नाटकघरं, तबकड्या, सगळीकडे मारियाच!

१९४० साली कट्टर मंडळी सत्तेवर आली. मारियाची ज्यू लोकांशी मैत्री त्यांना खपली नाही. त्यांनी तिच्या तबकड्याच काय, तबकड्या काढायचे मूळ साचेसुद्धा नष्ट केले. पण गाणी तर तिच्या गळ्यात होती! वर्षभरात ती मंडळी गेली, आणि मारिया पुन्हा गाऊ लागली. १९६३ साली, ४९व्या वर्षी, कर्करोगाने ती गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला बुखारेस्टचे रस्ते माणसांनी भरून गेले होते.