अर्ध्या सेंटाचा वाटेकरी

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पोइन्सेट काउंटी आहे. तिथल्या टायरोन्झा या लहानशा गावात, एका जुन्या इमारतीत खंडकरी शेतकऱ्यांच्या चळवळीचं संग्रहालय उभं आहे. 1930 च्या दशकात या जागेत एच. एल. मिचेल यांचं कपडे धुण्याचं दुकान होतं आणि लागूनच क्ले ईस्ट यांचा पेट्रोल पंप. सरकारी शेती अनुदानाचा पैसा नेमका कुठे अडतो, ते या दोन दुकानदारांनी डोळ्यांनी पाहिलं.

मंदीत कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांच्या आसपास घसरला होता. मे 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी शेती सावरण्याच्या कायद्यावर सही केली. कापूस कमी पिकवा, त्याबदल्यात सरकार पैसे देईल, असा त्याचा गाभा. त्याच उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांतला उभा कापूस नांगराखाली गेला. भाव वधारले. योजना त्या अर्थानं फळाला आली.

या योजनेतला 1934 चा करार मात्र वाटेकऱ्याच्या मुळावर आला. रिकाम्या ठेवलेल्या जमिनीचं भाडं म्हणून पौंडामागे साडेतीन सेंट मिळत, ते जमीनमालकाचे. भावातली तूट भरून काढायला आणखी एक सेंट होता. त्यातला अर्धा अर्धेलीनं राबणाऱ्याचा. म्हणजे मालकाला चार सेंट, राबणाऱ्याला अर्धा. वाटेकऱ्याला हटवून रोजंदारीवर माणसं लावली, तर तो अर्धाही मालकाच्याच खिशात. शक्य तेवढी कुळं कायम ठेवावीत, असं करारात लिहिलं होतं. पण 'शक्य तेवढी' म्हणजे किती, हे मालकच ठरवत होता. कुटुंबामागून कुटुंब रस्त्यावर आलं.

जुलै 1934 मध्ये टायरोन्झाजवळच्या एका शाळेत 11 गोरे आणि 7 कृष्णवर्णीय एकत्र बसले आणि 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' जन्माला आली. त्याच राज्यातल्या फिलिप्स काउंटीत 1919 साली ईलेन इथं संघटित होऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांचं हत्याकांड झालं होतं. त्या मुलखात गोऱ्या-काळ्यांनी एका बाकावर बसण्याला किती काळीज लागलं असेल! इकडे वॉशिंग्टनमध्ये कुळांची बाजू घेणाऱ्या जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फेब्रुवारी 1935 मध्ये शेती खात्यातून काढून टाकलं गेलं. मालकांकडे मात्र अनुदान जमत गेलं, त्यातून ट्रॅक्टर आले आणि वाटेकऱ्यांची गरजच संपत गेली.

आजही तिथली मुख्य मदत 'बेस एकर'वर मोजली जाते. म्हणजे जुन्या पेऱ्याच्या नोंदीवर. रोख खंडानं कसणाऱ्याला ती कायद्यानं मिळते, पण अनुदान दिसलं की खंडही चढतो आणि त्यातला काही वाटा पुन्हा मालकाकडे वळतो.

हे वाचताना मला आपले बटईवाले आठवतात. पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये मिळण्यासाठी 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन नावावर असावी लागते. नमो शेतकरी योजनेचे 6000 रुपयेही त्याच यादीवरून जातात. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, पण जो दुसऱ्याच्या रानात बियाणं, खत आणि घाम ओततो, तो या यादीत नाही. कूळकायद्याच्या धास्तीनं मालक करार कागदावर येऊ देत नाही. सारा व्यवहार तोंडी. मग शेतकरी असल्याचा पुरावा त्यानं आणावा कुठून?

सरकारी पैसा कागदाच्या मागे जातो. म्हणून कसणाऱ्याचं नाव कागदावर आणणं ही अनुदानाची पहिली पायरी असायला हवी. मालकी हक्काला धक्का न लावता, निदान हंगामापुरती कसवणुकीची नोंद करता यायला हवी. सातबाऱ्यावर कुळाचं नाव आणि खंड लिहायला आजही रकाना आहे. तो कोराच राहतो, आणि टायरोन्झाच्या वाटेकऱ्याला निदान मिळणार होता तो अर्धा सेंटही आपल्या बटईवाल्याच्या वाट्याला येत नाही.