'कशापेक्षा?' : सापेक्षता, मिती आणि जिज्ञासूचे मराठी प्रश्न

करमाड हे छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील व लोहमार्गावरील गाव होय. शहरापासून त्याचे अंतर सुमारे २० किलोमीटर. अशा गावातील एखाद्या जिज्ञासू गृहस्थाने, भौतिकीचे रीतसर शिक्षण न घेता, केवळ वृत्तपत्रांतील लेख वाचून काही शंका काढावयाच्या ठरविल्या, तर त्या बहुधा तीन असतील. प्रकाशाहून वेगाने काहीच का जाऊ शकत नाही? काळ सर्वांस सारखा नाही, म्हणजे काय? आणि लांबी, रुंदी व उंची यांखेरीज आणखी मिती असल्याच, तर त्या दिसत का नाहीत? शंका भौतिकीच्या खऱ्या. परंतु त्या मराठीत विचारल्या जातात. प्रश्नातील शब्द उत्तरास कोठे साहाय्य करतात आणि कोठे आडवे येतात, हे पाहणे भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचे नाही.

प्रथम 'सापेक्ष' हा शब्द घेऊ. संस्कृतात 'अपेक्षा' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे दृष्टी ठेवणे, तिचा संबंध धरणे. मराठीत हा शब्द आशेच्या अर्थाने रूढ झाला आणि त्यामुळे 'सापेक्षता' ऐकताच सामान्य वाचकाच्या मनात 'ज्याची त्याची समजूत' असा काहीसा धूसर अर्थ उभा राहतो. 'अखेर सारे सापेक्षच' हे व्याख्यानांतून ऐकू येणारे वाक्य या गैरसमजाचेच अपत्य आहे. वस्तुतः मूळ अर्थ मराठीने टाकलेला नाही; तो एका लहानशा शब्दयोगी अव्ययात नित्य आपल्या तोंडी असतो. 'करमाडपेक्षा जालना मोठे' या वाक्यातील 'पेक्षा' हे 'अपेक्षा' याच शब्दाचे झिजलेले रूप होय. तेव्हा एखादी राशी सापेक्ष आहे असे म्हटले, की 'कशाच्या अपेक्षेने?' एवढाच प्रश्न विचारावयाचा असतो. त्यात व्यक्तीच्या मताचा संबंध नाही.

करमाड स्थानकातून न थांबता जाणारी गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत आहे आणि तिच्यातील उतारू इंजिनाच्या दिशेने ताशी ५ किलोमीटर वेगाने चालत आहे असे समजा. डब्याच्या अपेक्षेने त्याचा वेग ५, फलाटाच्या अपेक्षेने ८५. येथवर कोणासही अडचण पडत नाही. आता इंजिनाच्या दिव्याचा प्रकाश घ्या. त्याचा वेग फलाटावरून मोजला काय किंवा डब्यातून मोजला काय, सेकंदास २,९९,७९२ किलोमीटर इतकाच भरतो. मायकेलसन व मोर्ले यांनी १८८७ साली केलेल्या प्रयोगात पृथ्वीच्या गतीचा प्रकाशाच्या वेगावरील अपेक्षित परिणाम आढळला नाही. आणि १९०५ साली आइन्स्टाइनने वेगाची ही अचलता गृहीत धरूनच आपली मांडणी केली. म्हणजे सापेक्षतेच्या सिद्धांताचा पाया जे सापेक्ष नाही त्यावर घातलेला आहे! नावाने वाचकाची एवढी दिशाभूल क्वचितच केली असेल.

वेग सर्वांस सारखा असावयाचा, तर वेग ज्या दोहोंच्या भागाकाराने येतो, त्या अंतराला व काळाला वाकावे लागते. हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. वातावरणाच्या वरच्या थरांत निर्माण होणारे म्यूऑन कण स्वतःच्या कालमानाने सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. एवढ्या अवधीत प्रकाशही सातशे मीटरांपलीकडे जात नाही. तरीही हे कण कित्येक किलोमीटर उतरून जमिनीपर्यंत मोठ्या संख्येने पोहोचतात, कारण आपल्या घड्याळाच्या अपेक्षेने त्यांचे आयुष्य लांबलेले असते. याहून जवळचे उदाहरण भ्रमणध्वनीतील नकाशाचे आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. बाकी राहिली ३८. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक, म्हणजे करमाड ते शहर यांतील अर्ध्याहून जास्त वाट चालून जातो. म्हणून ही चूक सुधारून घेतल्यावाचून ती यंत्रणा चालत नाही.

प्रकाशाहून वेगवान काही का नाही, याचे उत्तर गावाकडील एका बोलण्यात दडलेले आहे. अमुक वस्ती किती दूर, असे विचारल्यास म्हातारी माणसे 'तासाभराची वाट आहे' असे सांगत. ही रीत अडाणीपणाची मानली जाई, कारण चालणारागणिक तास बदलतो. परंतु ज्याची चाल कधीच बदलत नाही असा पांथस्थ सापडला, तर ती निर्दोष ठरते. १९८३ साली मीटरची व्याख्या नेमकी अशीच करण्यात आली: प्रकाशाची एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागाची वाट. या हिशेबाने करमाड हे शहरापासून सुमारे ६७ मायक्रोसेकंदांच्या वाटेवर आहे. तात्पर्य, तो आकडा मुळात प्रकाशाच्या मालकीचा नाहीच. अवकाश आणि काळ यांना एका मापात आणणारा तो विनिमयाचा दर आहे, आणि प्रकाशास वस्तुमान नसल्यामुळे तो त्या दराने जातो. वस्तुमान असलेल्या पदार्थास त्या वेगापर्यंत नेण्यास अनंत ऊर्जा लागेल. ('प्रकाशवर्ष' हा शब्द मात्र फसवा. समासात उत्तरपद प्रधान, म्हणून ऐकणारा तो काळाचे माप समजतो. 'प्रकाशाची वर्षभराची वाट' असे म्हटले असते तर ही चूक झाली नसती.)

मिन्कोव्स्कीने १९०८ साली अवकाश व काळ यांची एकत्र मांडणी केली. दोन घटनांमधील स्थलांतर व कालांतर ही दोन्ही निरीक्षकागणिक बदलतात, पण त्यांच्यापासून विशिष्ट रीतीने काढलेली एक राशी सर्वांस सारखीच येते, असे त्याने दाखविले. मराठी वाचकास हे अगदीच परके वाटू नये. 'दोन गावांत वीस किलोमीटरांचे अंतर' आणि 'दोघा भावांत दोन वर्षांचे अंतर' असे आपण एकाच शब्दाने म्हणतो. तीच गोष्ट 'मिती'ची. 'मा', म्हणजे मोजणे, या धातूपासून आलेला हा शब्द शास्त्रीय परिभाषेत लांबी-रुंदीसाठी येण्यापूर्वीच जुन्या पत्रांत व हुंड्यांत तिथीसाठी वापरला जात असे. काळ ही चौथी मिती, हे वाक्य हुंडी लिहिणाऱ्यास निराळ्याच कारणाने पटले असते! अर्थात भाषेतील असे योगायोग म्हणजे भौतिकीचे पुरावे नव्हेत. ते दार उघडतात, एवढेच.

सापेक्षतेच्या अभ्यासाशी मराठी माणसांचा संबंध जुना आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात होते. त्यांच्याजवळ काम करणारे गुजराती गणिती प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश उत्सर्जित करीत वस्तुमान गमावणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र गणिताने मांडले. विष्णुपंतांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी तर हा सारा विषय मराठीत आणला.

आता तिसरा प्रश्न. मिती दिसत का नाहीत? 'दिसणे' या क्रियापदाचा कर्ता पाहणारा नसतो. 'मला डोंगर दिसतो' यात डोंगर कर्ता, पाहणारा चतुर्थीत. म्हणून प्रश्नकर्ता मितीला एक पदार्थ कल्पून तो आपल्यापुढे येण्याची वाट पाहतो. पण लांबी तरी कोणास दिसते? दिसते ती लांब वस्तू. शिवाय दिसण्यास प्रकाश लागतो, आणि अडचण तेथेच आहे. कलुझाने १९२१ साली पाचवी मिती सुचविली व क्लाइनने १९२६ साली ती अतिसूक्ष्म वर्तुळात गुंडाळलेली असावी असे म्हटले. १९९८ नंतर पुढे आलेल्या काही कल्पनांनुसार प्रकाश व द्रव्य आपल्या तीन मितींतच जखडलेले असून केवळ गुरुत्वाकर्षण अधिक मितींत झिरपते. तसे असेल तर डोळ्यांचा उपयोग नाही. गुरुत्व कितपत क्षीण होते तेच मोजले पाहिजे.

ही मोजणी १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेल्या एका घटनेमुळे शक्य झाली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी प्रथम आल्या व १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात एवढाच फरक पडावा, यावरून तो वेग एकट्या प्रकाशाचा नाही हे पुन्हा सिद्ध झाले. लहरींच्या क्षीणतेवरून काढलेले अंतर आणि दीर्घिकेच्या प्रकाशावरून काढलेले अंतर मोजमापाच्या मर्यादेत जुळले. गुरुत्व अन्यत्र झिरपल्याची खूण आढळली नाही. मात्र ती मर्यादा रुंद आहे. ताऱ्यांच्या कक्षेचा कल नीट ठाऊक नसेल, तर जवळची तिरपी घटना व दूरची सरळ घटना यांत भेद करणे कठीण पडते. निराळ्या दिशांनी मांडलेले शोधक जितके अधिक, तितका हा घोटाळा कमी. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे प्रत्येकी चार किलोमीटरांच्या दोन भुजांची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली, त्यामागील एक प्रयोजन हे आहे. करमाडहून ती जागा सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाची अर्ध्या मिलिसेकंदाची वाट आहे.