चकवा आणि वाटाड्या

आमच्या कोकणात रानातून एकट्यादुकट्याने जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो, असे म्हणतात. एकदा चकवा लागला की माणूस रात्रभर चालत राहतो, आणि उजाडल्यावर पाहतो तो जिथून निघाला त्याच आंब्याखाली उभा! लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्ही भीत असू, पुढे एम. ए. झाल्यावर तिला हसू लागलो. पण सरकारी नोकरीत अठरा-वीस वर्षे काढल्यावर, आणि तेही राजधानीच्या वेशीवर, मला स्वतःला चकवा लागेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

दिल्लीत रान कुठले, असे महाराष्ट्रातले श्रोते विचारतील. रान आहे, आणि डोंगरही आहे. गुजरातेच्या बाजूने राजस्थान व हरियाणा ओलांडून येणाऱ्या अरवलीचे शेवटचे टोक दिल्लीत येऊन संपते. इथले लोक त्याला 'रिज' म्हणतात. उंची समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरांच्या आत. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने त्याला डोंगर म्हणणे म्हणजे औदार्यच. परंतु असोला-भट्टी अभयारण्याच्या पलीकडे, फरिदाबाद आणि गुडगाव यांच्या मध्ये, मांगरच्या अंगाला हा प्रदेश वाटतो तितका निरुपद्रवी नाही. तेथे दगडाच्या आणि वाळूच्या जुन्या खाणी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली या टापूतील खाणकाम थांबविले; खाणी बंद झाल्या, खड्डे मात्र राहिले. काही खड्ड्यांत निळेशार पाणी साठले आहे आणि त्यांच्या कडा भिंतीसारख्या उभ्या तुटलेल्या आहेत. सभोवार विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. तिचे एक जाळे दुसऱ्यासारखेच दिसते. चकव्याला आणखी काय हवे?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी माझे एक सहकारी, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी असे तिघे तिकडे फिरावयास गेलो होतो. माझ्याजवळ एका स्नेह्याकडून मागून आणलेले, हातात मावणारे जी. पी. एस. यंत्र होते. मोटार जिथे उभी केली ती जागा मी त्यात मोठ्या ऐटीत नोंदवून ठेवली. साडेचारच्या सुमारास परत फिरलो आणि यंत्राला मोटारीची दिशा विचारली. पडद्यावर बाण उमटला; अंतर सातशे मीटर. आम्ही बाणाच्या रोखाने काटे बाजूला सारीत निघालो. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. उजेड विरळ होत चालला होता, आणि पुढे चाललेला मुलगा एकदम थबकला. त्याने मागे न पाहता नुसता हात वर केला. त्याच्या पावलांपुढे चाळीस-पन्नास फूट खोल कडा होता आणि तळाशी काळे पाणी. हातातला बाण मात्र तसाच, समोरच्या काठाकडे, निश्चलपणे रोखलेला! त्या खाणीला वळसा घालून मोटारीपर्यंत पोहोचावयास आम्हाला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत मुलाचे वडील माझ्याशी एक अक्षरही बोलले नाहीत.

यंत्र खोटे बोलले नव्हते. मोटार कोणत्या दिशेला आहे हे मी विचारले होते, आणि ते त्याने अचूक सांगितले होते. वाट कोणती, हे मी विचारलेच नव्हते. घरी आल्यावर मी या विषयाचा एखाद्या प्रलंबित फायलीसारखा अभ्यास केला. त्यातले जे रानवाटेने जाणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल ते आज सांगतो.

आधी यंत्राला आपली जागा कळते कशी, ते पाहू. वळवाच्या पावसात वीज चमकली की आपण आकडे मोजू लागतो, आणि गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली असे म्हणतो. वेळेवरून अंतर काढण्याची हीच युक्ती येथे वापरलेली आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्या अणुघड्याळातली वेळ अखंड प्रक्षेपित करीत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत येण्यास एका सेकंदाच्या जेमतेम पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. तो वेळ मोजला की उपग्रहाचे अंतर कळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली म्हणजे जागा निश्चित व्हावी. परंतु आपल्या हातातले घड्याळ अणुघड्याळ नसते, आणि त्यात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात तीनशे मीटरांची चूक होते. ही घड्याळाची चूक शोधून काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. म्हणून किमान चार. त्याहून अधिक दिसतील तितके बरे. यंत्र स्वतः काहीही पाठवीत नाही, ते नुसते ऐकते, हे लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

जी. पी. एस. ही अमेरिकेची व्यवस्था. नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली अचूकतेची खोट त्या सरकारने मे २००० मध्ये काढून टाकली, आणि तेव्हापासून ही यंत्रे सामान्य वाटसरूच्या खऱ्या उपयोगाची झाली. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू याही व्यवस्था आहेत. आपल्या इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रहांची मालिका सोडली. तिला 'नाविक' हे नाव मिळाले. पुढे तिच्यातील काही आयात अणुघड्याळे बंद पडली. २०२३ साली स्वदेशी रुबिडियम घड्याळ असलेला नवा उपग्रह गेला. २०२५ च्या जानेवारीत सोडलेला त्याच्या पुढचा उपग्रह मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. यंत्र नाविक ऐकत असेल तर चांगलेच. पण केवळ त्या एका शब्दासाठी अधिक पैसे मोजू नयेत. एकाहून अधिक व्यवस्था ऐकणारे यंत्र घ्यावे, म्हणजे एका मालिकेचे उपग्रह झाडीआड वा डोंगराआड गेले तरी दुसरीचे सापडतात.

आता एक प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा. वेगळे यंत्र हवेच आहे का? आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये हीच सोय असते, आणि मोबाईलचे जाळे नसले तरीही ती चालते, कारण उपग्रहांचा त्या जाळ्याशी संबंध नाही. जाळ्यावाचून पहिली जागा सापडण्यास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. नकाशा मात्र आधीच घरी उतरवून घेतलेला असावा. संजय वनात सकाळी फिरणाऱ्या गृहस्थाला, किंवा वर्षातून एकदा सिंहगडावर जाणाऱ्याला एवढे पुरेसे आहे; त्याने आपले पैसे चांगल्या बुटांवर खर्च करावेत. ज्याला दोन-तीन दिवस वस्तीपासून दूर राहावयाचे आहे, पावसात किंवा हिमालयाच्या थंडीत चालावयाचे आहे, त्याने मात्र वेगळे यंत्र घ्यावे. मोबाईलची बॅटरी थंडीत अवचित मान टाकते, आणि मदतीसाठी दूरध्वनी करावयाचा तोही त्याच बॅटरीवर. वाट दाखविणारा आणि हाक मारणारा एकच असू नये.

यंत्र घ्यायचे ठरल्यावर माझ्या अनुभवातून आलेली पहिली कसोटी अशी, की ते चाललेली वाट नोंदवून तिच वाटेने परत नेते का? जवळजवळ सर्व यंत्रे हे करतात. पण नोंद सुरू आहे की नाही हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. त्या दिवशी आमच्या यंत्रात ती सोय होती, मी ती सुरू केली नव्हती. दुसरी कसोटी नकाशाची. स्वस्त यंत्रांत नकाशा जवळजवळ नसतोच. रिकाम्या पडद्यावर एक रेघ दिसते. उंचीच्या रेषा असलेला नकाशा ज्यात भरता येतो, असेच यंत्र घ्यावे. मुक्तपणे मिळणारे ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे पुष्कळ यंत्रांत चालतात. कड्याजवळ उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटतात, आणि तेवढे पाहूनही माणूस सावध होतो. मात्र खाणीचा खड्डा नकाशात असेलच, असे गृहीत धरू नये.

झाडी आणि कडे यांच्यात संदेश अडतो, कधी खडकावरून परावर्तित होऊन येतो. प्रतिध्वनीवरून हाकेची दिशा ठरवू पाहणाऱ्याची जी फसगत होते, तीच यंत्राची होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली किंवा नळीच्या वाटेत यंत्राने आपल्याला पन्नास-शंभर मीटर बाजूला दाखविले तर आश्चर्य वाटू नये. अलीकडच्या काही यंत्रांत दोन निराळ्या लहरींवर संदेश ऐकण्याची सोय असते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात दोन्ही लहरींना होणारा विलंब सारखा नसतो. त्या फरकावरून यंत्र विलंबाचा हिशेब मांडते, आणि प्रतिध्वनीही अधिक चांगला ओळखते. सह्याद्रीच्या घळींतून हिंडणाऱ्याने या सोयीसाठी पैसे खुशाल द्यावेत. अरवलीच्या उघड्या माथ्यावर तिची गरज नाही.

बॅटरीविषयी मते दोन आहेत. काही यंत्रांत बाजारात मिळणारे पेन्सिल सेल चालतात, काहींत आतच बसविलेली, विजेवर भरावयाची बॅटरी असते. दुसरी अधिक दिवस टिकते, हे खरे. पण माझे मत पहिल्या जातीकडे झुकते. उत्तराखंडातल्या शेवटच्या गावातल्या दुकानातही साबणाच्या शेजारी दोन सेल मिळतात. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर थकतात. तेथे लिथियमचे न्यावेत. पडदा दुपारच्या उन्हात वाचता आला पाहिजे. दुकानाच्या दिव्याखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. म्हणून यंत्र दारापर्यंत नेऊन पाहावे. ओल्या बोटांनी किंवा हातमोजे घालून दाबता येतील अशा कळा, नुसत्या स्पर्शाच्या पडद्यापेक्षा, आपल्या पावसाळ्यात बऱ्या. होकायंत्र आत असेल तर उभे राहूनही दिशा कळते, नाहीतर चार पावले चालावे लागते. हवेच्या दाबावरून उंची सांगणारी सोय हिमालयात उपयोगाची. दिल्लीत ती निव्वळ चैन.

यानंतरची गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, आणि मला स्वतःला ती सर्वांत मनोरंजक वाटते. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बरोबर घेऊन हा मनुष्य वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. या मापनांवरून पृथ्वीचा जो आकार एव्हरेस्टने १८३० मध्ये कल्पिला, तो हिंदुस्थानच्या भूमीला चपखल बसणारा होता. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे त्याच पायावर काढलेले आहेत. उपग्रहांना मात्र एकट्या हिंदुस्थानापुरता आकार चालत नाही. त्यांचा पाया निराळा, त्याला 'डब्ल्यू. जी. एस. ८४' म्हणतात. परिणाम असा, की जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच यंत्रात घातले तर दिल्लीच्या आसपास शंभर-सव्वाशे मीटरांची तफावत पडते. खाणीच्या काठावर ती पुरेशी आहे! २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले सर्वेक्षण विभागाचे खुले नकाशे नव्या पायावर आहेत. यंत्र घेताना त्यात हा पाया बदलता येतो का, ते पाहावे. आणि नकाशाच्या समासात बारीक अक्षरांत काय छापले आहे, ते वाचावे.

अशीच दुसरी चूक अंश आणि कला यांची. २८.५० अंश म्हणजे २८ अंश ३० कला. २८ अंश ५० कला नव्हे. अक्षांशाची एक कला सुमारे १.८५ किलोमीटरांची, तेव्हा वीस कलांची चूक सदतीस किलोमीटरांची होते. तुघलकाबादच्या परिसरात बोलावलेला माणूस नरेल्याच्या बाजूला जाऊन वाट पाहत बसेल. अपघातात मदत मागताना आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत हे स्पष्ट सांगावे, आणि बरोबरीच्या सर्वांची यंत्रे एकाच पद्धतीवर लावून ठेवावीत.

मघाशी म्हटले, साधे यंत्र नुसते ऐकते. ते बाळगण्यास आपल्याकडे कोणाची हरकत नाही. पण हल्ली काही यंत्रे उपग्रहामार्फत संदेश पाठवितात आणि संकटाची हाकही देतात. परदेशी जाहिराती वाचून आपले तरुण ती मागवू पाहतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असे यंत्र जवळ बाळगणे भारतात गुन्हा ठरतो. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी गोव्याच्या व दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना याच कारणासाठी अडविण्यात आले होते. परदेशातल्या लेकाने किंवा भाच्याने भेट म्हणून यंत्र आणावयाचे म्हटले, तर त्याला ही गोष्ट आधी कळवावी. हा नियम रानात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने कठोर आहे, असे माझे खाजगी मत आहे. पण जोवर तो आहे तोवर त्यावर उपाय जुनाच. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, याची चिठ्ठी घरी ठेवून निघावे.

नवे यंत्र घेऊन थेट रानात जाऊ नये. मी माझे यंत्र घेतल्यावर चार रविवार लोदी बागेत काढले. वाट नोंदवावी, मकबऱ्यामागे जावे, मग पडद्यावरून नजर न काढता त्याच वाटेने परत यावे, असा क्रम. माळ्याने पहिल्या रविवारी माझे काय हरवले म्हणून विचारले. पाचव्या रविवारी आम्ही तिघे पुन्हा त्या खाणीकडे गेलो. या वेळी यंत्र मुलाच्या हातात होते आणि परतीची वाट त्यानेच काढली; खाण डाव्या हाताला बरीच दूर राहिली. घरी आल्यावर त्याने सेल काढून वेगळे ठेवले, हेही योग्यच केले. सेल महिनोन्महिने आत राहिले तर पाझरतात आणि आतले स्पर्शबिंदू खाऊन टाकतात.